बारावं कलम

नांदगूर, ता. १८ एप्रिल १९३७

चि. सुशीलाबाईस दादाचे आशीर्वाद.

तुझ्या नावामागे लोक गंगाभागीरथी लिहितात. माझी लेखणी अजून तिकडे वळत नाही. धाकटी ती धाकटीच. घरी सगळे खुशाल आहेत. तुझी वहिनी दिवसातून एकदा तुझं नाव काढते, आणि काढलं की माझ्याकडे बघते.

तू सोलापूरच्या गाडीत नीट बसलीस हे गाडीवान तुळजारामाकडून कळलं. गुलबर्ग्याचं ठेसन येईपर्यंत अक्कांनी तोंडातून शब्द काढला नाही, असं तो बैल सोडता सोडता सांगत होता. मला निरोप द्यायला येता आलं नाही. त्या दिवशी हौदाची बैठक होती, आणि सदर, म्हणजे अध्यक्षच, नसला तर बलदियाची बैठक होत नाही हे तुला माहीत आहे. गावची कमिटी म्हणजे काही भातुकली नव्हे.

शाळा बंद झाली याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. सहा वर्षं तू देवीच्या देवळाच्या ओसरीवर मुली शिकवल्यास. सातावरून एकतीस झाल्या. पाटीच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कानडी, कारण ईरम्माच्या नातींच्या घरात मराठी नव्हतं. हे असलं कुणाला सुचलं असतं? पण मोगलाईत परवानगीवाचून शाळा चालवता येत नाही, हेही तितकंच खरं. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही हे आपलं नशीब. आता कुणीतरी वर कळवलं. माझा संशय आडत्या अमृतप्पावर आहे. सुनेला शिकायला पाठव म्हणून तू त्याला भर बाजारात सांगितलंस, ते त्याला झोंबलं होतं.

शाळा तपासायला साहेब आले, त्या दिवशी चावडीत काय बोलणं झालं ते तुला नीट ऐकू आलं नसणार. तू मुलींना घेऊन दारात होतीस, आणि मुलींचा कलकलाट चालला होता. मी तुझ्या बाजूनेच बोललो. साहेबांपुढे याहून जास्त बोलता येत नाही.

हौदाला चुना लागतो आहे. बाजारपेठेत आणखी चार कंदील बसले, म्हणजे आता चौदा झाले. राग गिळून टाक आणि ये. घर तुझं आहे.

तुझा दादा,
अंकुशराव


नांदगूर, ता. ३ नोव्हेंबर १९३८

चि. सुशीलाबाईस आशीर्वाद.

हे माझं नववं पत्र. आठांना उत्तर नाही. टपालवाला गुरुशांतप्पा दर बाजारच्या दिवशी येतो, मी दर वेळी ओट्यावर असतो, आणि तो लांबूनच मान हलवतो. "न्हाई अप्पा." मला वाटतं, आता त्यालाही माझी कीव येत असावी.

हौद पुरा झाला. उद्घाटनाला नारळ मी फोडला. एका फटक्यात फुटला नाही, दोन लागले, लोक हसले. पाणी मात्र गोड आहे. बायकांचा ओढ्यापर्यंतचा फेरा वाचला. कोंडवाड्याला फाटक झालं. दवाखान्याच्या खोलीवर पत्रे पडले, फक्त डॉक्टर तेवढा यायचा आहे.

अमृतप्पाची मी माफी मागितली. गेल्या महिन्यात मी त्याला तोंडावर बोललो, तेव्हा त्याने महादेवाच्या पिंडीवरचा बेल उचलला आणि म्हणाला, अप्पा, म्या चुगली केली असंल तर माजं वाटोळं हुईल. बेल उचलून माणूस खोटं बोलत नाही. निदान अमृतप्पा तरी नाही. मग मी विचार करू लागलो की वर कळलं कसं.

तर ऐक. तुला आठवत असेल, हैदराबादच्या हुजूरांच्या ज्युबिलीसाठी प्रत्येक बलदियाने आपल्या गावची तवारीख लिहून पाठवावी असं फर्मान आलं होतं. गावचा इतिहास, आणि खाली गावाने केलेली कामं, कलमवार. मी महिनाभर तेच करत होतो. माझी लिहायची खोड तुला माहीत आहे. दरवाजाच्या शिलालेखावरचं शेवाळ खरवडलं, म्हाताऱ्यांना बसवून बसवून विचारलं. बाडाचं वाचन चावडीत जाहीर केलं तेव्हा अख्खं गाव लोटलं. ज्याला त्याला आपलं नाव हवं. दवंडीवाला हरिबा म्हणाला, पंचवीस वर्षं मी ओरडायलोय, माझ्या घशाचं एक कलम घाला. सिद्धराम पाटलाला त्याच्या आज्याने लावलेली चिंच हवी होती. चिंच घातली. घसा नाही घातला.

त्या वाचनात शाळेचं कलम होतं, हे तुला ठाऊकच आहे. तू बायकांत बसून ऐकलंस आणि घरी आल्यावर मला काढायला सांगितलंस. मी काढतो म्हणालो. आता असं वाटतं की मुन्शीजींनी बाडाचं उर्दू करताना ते चुकून तसंच ठेवलं असावं. म्हातारा माणूस, डोळे गेलेले. ते बाड वर गेलं, कुणीतरी वाचलं आणि विचारलं की या शाळेची परवानगी कुठे आहे. बस, एवढंच झालं. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं.

थंडी पडली आहे. वहिनीने तुझ्यासाठी घोंगडी धनगरवाड्यातून विणून घेतली आहे. कुणी जाणारं भेटलं की पाठवतो.

तुझा दादा


नांदगूर, ता. २२ फेब्रुवारी १९४३

सुशे,

आशीर्वाद वगैरे पुढे. काल तुझी वहिनी माझ्यावर फार दिवसांनी ओरडली. मी दौतीत टाक बुडवून बसलो होतो. तिने मागून येऊन विचारलं, कुणाला? मी तुझं नाव घेतलं. ती म्हणाली, "खरं लिवायलाव, का मागल्यावानीच?" तिला वाचता येत नाही. तरी तिला माहीत आहे.

म्हणून आज खरं लिहितो. मुन्शीजींचा काही दोष नाही. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, अंकुशराव, हे मदरशाचं कलम ठेवायचं ना? मी म्हणालो, ठेवा.

का ठेवलं ते सांगायची लाज वाटते. कामं मोजली तर बारा भरत होती. शाळा काढली की अकरा. बारा बलुतेदार, बारा ज्योतिर्लिंगं, बारा मावळ. बाराला एक भरघोसपणा असतो. अकरा म्हणजे नुसती रुद्राची आवर्तनं. शेजारच्या हळ्ळीखेडवाल्यांनी नऊ कलमं पाठवली असं कानावर होतं, आणि मला ती बारा साहेबांच्या टेबलावर पडलेली दिसत होती. एवढ्यासाठी, सुशे. तुझी सहा वर्षं मी आकडा भरायला वापरली.

आणखी एक आहे. वाचनाच्या वेळी कलमात तुझं नाव होतं. "सुशीलाबाई यांनी चालविलेली मुलींची शाळा" असं मीच लिहिलं होतं. नंतर पक्क्या प्रतीत ते "बलदियाचे सदर अंकुशराव यांच्या देखरेखीखाली चाललेली" असं झालं. हातानेच झालं म्हण. बाकीच्या अकरा कलमांत माझं नाव होतं, एकात नसलं तर ओळ उघडी पडते असं वाटलं. तू त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाली होतीस, "दादा, शाळा चालू दे. तिचं नाव कुठं यायला नगं." तू नाव मागितलं नव्हतंस, उलट लपवायला सांगत होतीस. मला ते समजायला हवं होतं. मी समजलो की बहीण विनयाने बोलते आहे.

पाट्या, पुस्तकं जप्त करून नेली तेव्हा मी चावडीत यादीवर सही केली. एकतीस पाट्या. एकीवर पुसायचा राहिलेला धडा होता, कानडी बाजूला. बिराप्पा धनगराची बाणू ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिचं आता लग्न झालं. दिलेली गावातच आहे. परवा दिसली, लोकरीचं गाठोडं डोक्यावर होतं. मला वाकून नमस्कार केला. गावात मला सगळेच वाकून नमस्कार करतात. कुणाला काही ठाऊक नाही, म्हणून करतात. चावडीत त्या दिवशी मी, साहेब आणि मुन्शीजी एवढेच होतो.

चावडीतल्या बोलण्याबद्दलही लिहिणार होतो. आता हात भरून आला. पुन्हा केव्हातरी.

वाचनालयाची खोली बांधायला घेतली आहे. मन लागत नाही.

दादा


नांदगूर, ता. १४ डिसेंबर १९४८

सुशे,

राज्य बदललं ते तुला तिकडे आमच्याआधी कळलं असेल. या तीन महिन्यांत इथे काय काय झालं ते कागदावर येणार नाही. काही घरांना कुलपं आहेत. मुन्शीजी लेकीकडे हैदराबादला गेले. जायच्या आदल्या दिवशी मला भेटायला आले होते. माझ्या चुकीचं खापर मी एका पत्रात त्यांच्या डोळ्यांवर फोडलं होतं, हे त्यांना कधी कळलं नाही. चहा पिऊन, तब्येत सांभाळा म्हणून गेले.

परवा नवे तहसीलदार चावडीत आले. तरुण आहेत, मराठी बोलतात. मुलींची सरकारी शाळा काढायचं म्हणाले, पण शिकवायला बाई कुठून आणायची? गावातली एखादी चार अक्षरं येणारी बाई सुरुवातीला मिळाली तर वरून मास्तरीण येईपर्यंत काम भागेल. गावात अशी कुणी आहे का?

मी उठलो. इतकी वर्षं सदर असल्याने माझ्या आधी कुणी उठत नाही. मी म्हणालो, एक होती, माझी बहीण, ती गेली. तिच्यामागे शिकलेली अशी या गावात कुणी नाही. माझा आवाज भरून आला होता, आणि तो भरून आलेला लोकांना ऐकू जातो आहे याचंही मला बरं वाटत होतं. मी असाच आहे.

बायकांतून बाणू उठली. कडेवर मूल होतं. म्हणाली, साहेब, मला येतंय. तहसीलदारांनी हातातला सरकारी कागद तिला दिला. तिने तो वाचला. जोडाक्षरांना थांबत होती, पण चुकली नाही. मग म्हणाली, कानडी पन येतंय, आनि माज्यासंगं आनिक आठ जनी हायत. ईरम्माच्या दोघी नाती उठल्या. अमृतप्पाची सून उठली. सुशे, अमृतप्पाची सून. आणि तुझी वहिनी उठली नाही, पण पदराआड हसत होती ते मी पाहिलं.

बैठक संपल्यावर मी तडक धनगरवाड्यात गेलो. इतक्या वर्षांत मी तिथे पाय ठेवला नव्हता, तिकडे बलदियाचं काही कामच कधी काढलं नाही. बायका लोकर कातत बसतात ती पडवी मी पाहिली. बाणूने ट्रंक उघडली. तुझी पत्रं. दर महिन्याला एक, अकरा वर्षं. धडा, धड्याखाली प्रश्न, मागच्या उत्तरांवर तांबड्या शाईच्या खुणा. एकीने "विहीर" शब्द सात पत्रं चुकवला होता आणि तू सातही वेळा न रागावता लिहून दिला होतास. गुरुशांतप्पा ती पत्रं बिराप्पाच्या नावाने आणून देत होता. म्हणजे बाजारच्या दिवशी मला मान हलवून दाखवायचा तेव्हा महिन्यातून एकदा तुझं पत्र त्याच्या पिशवीत असायचं.

तुझी शाळा बंद पडलीच नव्हती. माझ्या गावात, माझ्या चौदा कंदिलांच्या उजेडात, हौदावर पाणी भरताना बायका एकमेकींना धडे विचारत होत्या, आणि एका मला सोडून सगळ्या गावाला ते ठाऊक होतं.

मी बाणूला विचारलं, मला कामून सांगितलं नाही? मी काय वाईट केलं असतं?

ती मूल पायावर निजवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का जातानाच सांगून गेल्या. दादाला कळू देऊ नगा. त्यो वाईट न्हाई. पर त्याला चांगलं काई दिसलं की त्यो लिवून काडतोय."

मी तिथेच जोत्यावर बसलो. तिने पाणी दिलं. मग आणखी सांगितलं, कारण मी विचारलं. चावडीत साहेबांपुढे मी जे बोललो ते दारातल्या एकतीसच्या एकतीस मुलींनी ऐकलं होतं. कलकलाट वगैरे काही नव्हता. तू त्यांना गाणं म्हणायला रांगेत उभं केलं होतंस आणि त्या चिडीचूप उभ्या होत्या. त्यांनी संध्याकाळी घरी सांगितलं. म्हणजे त्या रात्रीपासून गावाला माहीत आहे. लोक मला वाकून नमस्कार करतात ते तू सांगून गेलीस म्हणून. गाव चालवायला दुसरं कुणी नाही, त्याला कुणी काही बोलू नका, असं तू प्रत्येकीच्या घरी जाऊन सांगितलंस म्हणे. मी तेव्हा हौदाच्या बैठकीत होतो.

तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी कुठेतरी तोंड लपवलं असतं आणि एव्हाना बाहेरही आलो असतो. तू माझी अब्रू राखलीस, आणि मी ती अकरा वर्षं माझीच समजून मिरवली.

शेवटी मी बाणूला म्हणालो की मीही अक्कांना लिहितो, कितीतरी पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. ती मुलाला थोपटत राहिली. मग तिने सांगितलं की माझी पत्रं तू फोडतच नाहीस. तशीच पेटीत ठेवली आहेस, तिला तू एकदा तसं लिहिलं होतंस. आणि म्हणाली, "अप्पा, तुमाला काई सांगायचं असलं तर थोडकं लिवा. माज्या पत्रात घालते. माजं पत्र अक्का फोडत्यात."

म्हणून हे बाणूच्या पत्रात येतं आहे. थोडकं झालं नाही, त्याची माफी कर.

शाळा येत्या सोमवारी देवळाच्या ओसरीवरच सुरू होते आहे. तहसीलदारांनी मला नव्या राज्यासाठी गावाची माहिती नव्याने लिहून द्यायला सांगितलं. मी नाही म्हणालो. बाणू लिहील. सदरपणही मी कालच सोडलं. त्याने काही भरून निघत नाही हे मला कळतं.

पेटीतली पत्रं फोडू नकोस. चुलीत घाल. पहिल्यात मी अमृतप्पावर ढकललं आहे, पुढच्यात मुन्शीजींवर. मग थोडं खरं आहे, आणि खरं जिथे सुरू व्हायचं तिथे मी थांबलो आहे. तू ती वाचली नाहीस याचं काल दिवसभर मला रडू येत होतं. आज वाटतं, देवाने वाचवलं. तुला वाचायचंच असेल तर एवढंच वाच.

साहेबांनी बाड उघडून विचारलं, ही शाळा तुमच्या देखरेखीखाली आहे ना? चांगल्या आवाजात विचारलं. तशी कबुली दिली असती तर मला ताकीद मिळाली असती, फार तर सदरपण गेलं असतं. परवानगीचा अर्ज करा, असंही ते कदाचित म्हणाले असते. मी म्हणालो, "न्हाई साहेब. बहिणीनं परस्पर काढलेली हाय. मला ठाऊक न्हवतं." साहेबांनी बाडातल्या ओळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बाड मिटलं.

मी त्या वेळी दाराकडे तोंड करून उभा होतो. तुला मी पाहिलं होतं, सुशे. तुला पाहून बोललो.

दादा